शून्य चिंचेच्या शेंड्यावर

"बाई, पानी खाली चाललंय आन् तुमची रेघ वर चाललीया."

किसननानांनी मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. सहा वर्षं झाली त्याला. हेच पटांगण होतं, हीच चिंच होती. नाना तिथं मागं, पाराच्या कडेला उभे होते. आज ती जागा मोकळी आहे. एवढी माणसं जमलीत, पण तिथं कुणी उभं राहिलेलं नाही, हे मी मघापासून बघते आहे.

नानी, आबा, वडीलधारी मंडळी, माझ्या बहिणींनो, बोलणं अवघड जातंय. मी नगरला आमच्या संस्थेच्या कचेरीत बसून तुमच्या गावाचे आकडे कॉम्प्युटरवर भरणारी बाई. थोडंफार लिहिते, म्हणून लोक अशा प्रसंगी मला बोलायला सांगतात. घरून चार पानं लिहून आणली होती. त्यात नानांचा साधेपणा होता, कष्ट होते, जे जे असायला हवं ते सगळं होतं. ती पानं मी आत्ता पर्समध्ये परत ठेवली. का ठेवली, ते सांगते.

मघाशी आबा बोलले. चांगलं बोलले. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की ही माझ्या पाठीमागची ग्रामपंचायतीची भिंत आहे ना, तिच्यावरच्या पाण्याच्या आलेखाखाली नानांचं नाव लिहायचं. 'दिवंगत किसननाना यांच्या स्मरणार्थ.' सरपंचांचा शब्द तो, सगळ्यांच्या माना हलल्या. नानींनी पदर डोळ्यांना लावला. मीसुद्धा मान हलवली. आणि मान हलवता हलवता मनात आलं, नाना इथं असते तर काय म्हणाले असते?

ते मला माहीत आहे. ते त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. तेवढं सांगते आणि खाली बसते.

खर्ड्याकडून, मिरजगावाकडून पाहुणे आलेत, त्यांना कदाचित ठाऊक नसेल. नाना या गावच्या विहिरींचं पाणी मोजायचे. पाणलोटाचं काम सुरू झालं, बांध घातले, चर खणले, तेव्हा आमच्या संस्थेनं गावाला एक टेप दिला. लांब, कापडी, टोकाला शिशाचं वजन बांधलेला. महिन्यातून एकदा भल्या सकाळी बारा विहिरी फिरायच्या, टेप सोडायचा, आकडा वहीत लिहायचा. कोण करणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नाना उठले आणि त्यांनी टेप खांद्यावर टाकला.

दिवस त्यांनीच ठरवला. अमावस्या. मी म्हटलं, "नाना, एक तारीख सोपी नाही का? आमच्या तक्त्यात तारखा असतात."

म्हणाले, "एक तारखंला मोटारी चालू अस्त्यात. पानी हालतं. अवसंला बैलं बसून, मानसं बसून, मोटारी बी गप. पानी निवांत अस्तं. निवांत पान्याला इचारलं तर ते खरं सांगतं."

प्रत्येक विहिरीच्या काठावर त्यांनी एका दगडावर रंगाची खूण केली होती. त्या खुणेपासून पाण्यापर्यंत किती फूट, हे मोजायचं. खूण म्हणजे शून्य. पाणी जितकं खोल गेलं, तितका आकडा मोठा. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातूनच झालं आहे.

एकदा गावविहिरीच्या काठावर टेप गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "आमच्या आईला ह्या हिरीला हात लावू देत न्हवते. कुनीतरी वरून वतायचं, ती खाली बसून वंजळीनं प्यायची. आन् मला बगा. गावानं ह्या हिरीला खोली इचारायला धाडलंय." आणि हसले. मला हसता येईना. तर म्हणाले, "हसा की वो बाई. रडायचं हुतं तवा रडून झालंय."

असे आमचे नाना.

तर, त्या पहिल्या वाक्याकडं येते. आमच्या कचेरीत तेव्हा नवा कॉम्प्युटर आला होता. त्यात चौकटीचौकटींचा तक्ता असायचा. आकडे भरले, बटण दाबलं, की आपोआप आलेख तयार. आजवर आम्ही आलेखाच्या कागदावर पट्टी घेऊन टिंबं जोडत आलो होतो. मी त्या यंत्राच्या प्रेमातच पडले होते म्हणा ना. नानांच्या वहीतले गावविहिरीचे आकडे भरले, दिवाळीपासून वैशाखापर्यंत. छापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं, एसटीत मांडीवर सांभाळत इथं आणलं आणि ग्रामसभेत दोन्ही हातांनी उंच धरलं.

रेघ डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडं चढत गेलेली. काय सुरेख चढत गेली होती! पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वा! पाणी चढतंय." आबा, ते तुम्हीच होता. आणि मग मागून, पाराच्या कडेनं तो आवाज आला. पानी खाली चाललंय आन् तुमची रेघ वर चाललीया.

सगळे हसले. मला राग आला. मनात म्हटलं, यांना आलेख वाचता येत नाही. परत जाताना मिरजगाव मागं पडलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की आलेख मला वाचता आला नव्हता. दिवाळीनंतर पाणी उतरतच जाणार. आकडा वाढत गेला होता, पाणी नव्हे.

कॉम्प्युटरला काय ठाऊक, विहीर म्हणजे काय? त्याच्या लेखी शून्य खाली आणि मोठा आकडा वर. तो सगळ्याच गोष्टी इमारतीसारख्या मोजतो. विहिरीचं शून्य वर असतं. मी तीन दिवस शोधत होते. शेवटी आलेखाच्या डाव्या अंगाला जी उभी रेघ असते, जिच्याशेजारी आकडे लिहिलेले असतात, तिच्यावर दोनदा टिचकी मारली आणि एक चौकट उघडली. आकडे कितीपासून सुरू करायचे, कितीपर्यंत न्यायचे, किती किती अंतरानं लिहायचे, सगळं तिथं होतं. आणि खाली एक छोटासा चौकोन होता. त्यात खूण केली की आकडे उलट क्रमानं लागतात. मी खूण केली. शून्य वर गेलं. रेघ मुकाट्यानं खाली उतरली.

पण एक नवीनच घोटाळा झाला. शून्य वर गेलं तशी महिन्यांची नावंही उडी मारून वर जाऊन बसली. ती खाली कशी आणायची, ते मला सापडेना. तसंच छापून आणलं आणि नानांना म्हटलं, "नाना, महिने वर गेलेत बघा. तेवढं चुकलंय."

त्यांनी कागद लांब धरून बघितला. "चुकलं कुटं? वरची कड म्हंजी जमीन. महिने जमिनीवरच येत्यात की. हिरीच्या तळाला कुटं येत्यात?"

मी महिने पुन्हा कधी खाली आणले नाहीत.

पुढं एका वर्षी त्यांच्या वहीत तेरा मोजण्या निघाल्या. माझ्या तक्त्यात महिने बारा. मी नानांच्या दारात वही घेऊन बसले. "नाना, एक मोजणी जास्त आहे."

"जास्त कशी? धोंडा हाय न्हवं औंदा."

"अधिक महिना होय! तो आमच्या मशीनला माहीत नाही."

"व्हय? मग तुमच्या मशीनला जावई नसंल."

नानी, तुम्ही उंबऱ्यात बसून पीठ चाळत होतात. तुमच्या हातातली चाळण थांबली होती हसून हसून. आठवतंय?

परत जाऊन मी जानेवारी, फेब्रुवारी सगळं पुसलं. एकेक नाव हातानं टाकलं. चैत, वैशाख, जेठ. मराठी अक्षरांसाठी वेगळा फॉन्ट निवडावा लागायचा, नाहीतर वैशाखाच्या जागी नुसते कंस आणि टिंबं उमटायची. तेरा नावं लिहिली, त्यात एक धोंडा. तो आलेख ग्रामपंचायतीच्या दारावर लावला, तेव्हा बाया हंडा कमरेवर घेऊन त्यापाशी थांबायला लागल्या. इतके दिवस थांबत नव्हत्या. महिने त्यांचे झाले होते.

हे सगळं मी नानांकडून शिकले. आलेखाच्या कडा कुठं धरायच्या, बाजूला काय लिहायचं, हे मला त्या यंत्राच्या पुस्तकातून समजलं नाही. आणि ज्यांच्याकडून शिकले, त्यांच्याच बाबतीत मी ते विसरले. आता ते सांगते.

कामाला चार वर्षं झाली होती. दर चैत्रातल्या अवसेला गावविहिरीचं पाणी किती खोल, एवढाच आलेख काढायचा होता. पहिल्या वर्षी बेचाळीस फूट. मग एक्केचाळीस. मग चाळीस. मग अडतीस. विहीर पंचेचाळीस फुटांची. चार वर्षांत पाणी चार फूट वर आलं होतं. मी नानांच्या शिस्तीनं आलेख काढला. वर शून्य, खाली पंचेचाळीस. रेघ तळाजवळून निघाली आणि तळाजवळच जराशी उचलली गेली.

आबा नगरला कचेरीत आले होते. पडद्याकडं बघत राहिले. "ताई, ही रेघ झोपलीय का?"

मी म्हटलं, "आबा, वाढ चारच फुटांची आहे."

"चारच? पोरंबाळं घेऊन दगड वाहिलेत आम्ही. बायकांच्या हातांना घट्टे पडलेत. पुढच्या आठवड्यात बाहेरचे पाहुणे येणार काम बघायला. त्यांना ही झोपलेली रेघ दाखवू?"

आबा, तुम्ही चुकीचं बोलत नव्हता. तुमच्या स्वतःच्या हातांना घट्टे होते, ते मी बघितले होते. या रानात चार फूट पाणी ही थोडी गोष्ट नाही. मलाही वाटलं, दिसू दे की. मी त्या उभ्या रेघेवर दोनदा टिचकी मारली. चौकट उघडली. एका घरात सदतीस लिहिले. दुसऱ्या घरात त्रेचाळीस. बस. सदतीसाच्या वरचं सगळं गेलं, त्रेचाळीसाच्या खालचं सगळं गेलं. रेघ ताडकन उभी राहिली. खालच्या कोपऱ्याजवळून निघाली ती पार वरच्या कडेजवळ जाऊन पोचली.

आकडा मी एकही खोटा लिहिला नाही. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. एकही खोटा लिहिला नाही.

मग भिंत रंगवायचं ठरलं. मिरजगावहून शफीकभाई पेंटर आले. ते आज इथं बसलेत, तिकडं खांबापाशी. शफीकभाईंनी माझा कागद बघून सहा फुटांचा आलेख काढला. खाली आपल्या मनानं निळ्या लाटा आणि दोन मासे काढले. मासे माझ्या आकड्यांत नव्हते. मग त्यांनी मला विचारलं, "म्याडम, बाजूचे हे बारीक आकडे लांबून दिसनार नाहीत. घेऊ का नको?" आबा म्हणाले, "कशाला गिचमिड? रेघच बोलतीय." माझ्या हातात चहाचा कप होता. मी म्हटलं, "राहू द्या."

म्हणजे आकडे राहू द्या. नकोत.

रंग वाळला. दुपारी नाना आले. खांद्यावर टेप होताच. त्यांनी आधी आलेखाची उंची मोजली. "सा फूट. ताई, हितं पानी कितीपासून कितीपर्यंत दावलंय?"

"सदतीस ते त्रेचाळीस, नाना."

"म्हंजी सा फूटच. भितीवर सा, हिरीत सा. मापाला माप जुळलं की!" मला वाटलं, खूश झाले. मग ते वाकले आणि जमिनीपासून आलेखाच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावला. दोन फूट. "त्रेचाळीस आन् दोन, पंचेचाळीस. हा हिरीचा तळ. म्हंजी तुमी-आमी आत्ता हिरीच्या तळात उभं हाय." मग सरळ झाले, भिंतीवरून नजर वर नेली. पत्र्याच्या वर, त्याच्याही वर. "आन् काठ कुटं? हितनं पंचेचाळीस फूट वर." त्यांनी या चिंचेकडं हात केला. "ताई, तुमचं शून्य त्या शेंड्यावर हाय."

मी हसले. गमतीनं बोलताहेत असं दाखवून हसले. तेव्हा आसपास कुणी नव्हतं. माणसं यायची त्यांनी वाट बघितली नाही. मला एकटीला सांगितलं आणि टेप गुंडाळून निघून गेले.

मंडळी, आता ती ग्रामसभा. तुमच्यातले पुष्कळजण होतात. गावविहिरीच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात मोटार लावायची नाही, असा गावाचा नियम होता. तो उठवावा, असं काहींचं म्हणणं आलं. पाणी भरपूर झालंय, उन्हाळी भुईमूग होईल. मागून नाना बोलले, "चार फूट वाढलंय. चाळीस न्हाई. नेम मोडू नका."

"नाना, भित बगा की! रेघ पत्र्याला टेकलीया."

"भित कशाला बगू? टेप बगा."

"टेप ढिल्ला पडलाय तुमचा. वडून वडून लांबलाय."

केवढा हशा झाला होता. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडंही बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. आणि आबांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा. नानांचा टेप खरा, का हा आलेख?"

मी काय म्हणायला हवं होतं? हा आलेख वरून कापलेला आहे, एवढंच. त्याला काय लागतं? पण समोर सगळं गाव, शेजारी आबा, पाठीमागं ओल्या वासाची नवी भिंत. मी म्हणाले, "दोन्ही खरे आहेत."

दोन्ही खरे आहेत! मला त्या वेळी ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. लोकांनी मान डोलावली. नियम उठला. नानांना बोलता आलं असतं. शून्य चिंचेच्या शेंड्यावर आहे, हे त्यांनी तिथं सांगितलं असतं, तर माझी किती शोभा झाली असती! त्यांनी स्वतःचं हसं होऊ दिलं. माझं होऊ दिलं नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या संस्थेत ठरलं, की आता आलेख पूर्ण झाला, मोजणीची गरज नाही. टेप परत मागवला. तो न्यायला कोण आलं होतं, माहीत आहे? मी. पावतीवर नानांची सही घेतली. त्यांनी टेपाचं वजन फडक्यानं पुसून मग तो माझ्या हातात दिला.

त्यानंतरच्या चैत्रात काय झालं, ते मी तुम्हाला काय सांगू. हंडे तुमच्या डोक्यावर होते. विहिरीचा तळ दिसला, टँकर आला. पाऊस कमी झाला होता, असं सगळे म्हणाले. ते खरंच आहे. मोटारी लागल्या होत्या, हेही खरंच आहे. पुन्हा दोन्ही खरं. फक्त नानांचा टेप ढिला नव्हता, हे कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

पावसाळ्यात मी त्यांच्या घरी गेले. पाठ करून गेले होते, काय बोलायचं ते. दोन वाक्यं झाली आणि पुढचं सगळं विसरले. नाना म्हणाले, "तुमी खोटं कुटं बोललात? तुमी फकस्त काठ कापला. काठ दिसंना झाला, की मानसाला हीर किती खोल हाय ते कळत न्हाई, यवढंच."

मी विचारलं, "आता काय करू?"

"भितीवर शून्य लिवा."

"गाव ऐकणार नाही, नाना."

"न ऐकू दे. इचारा तर."

मी म्हटलं, विचारते. आणि विचारलं नाही. त्या पावसाळ्यात नाही, दिवाळीत नाही. दर खेपेला इथं यायचे, त्या भिंतीखालून जायचे आणि म्हणायचे, पुढच्या वेळी. नानांनी पुन्हा एकदाही आठवण केली नाही.

आज सकाळी नानींनी मला एक वही दिली. ही. शाळकरी वही, वर खाकी कव्हर. टेप गेल्यावर नानांनी एका दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या होत्या, टोकाला दगड. दर अवसेला ते गावविहिरीवर जात राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. नानी म्हणाल्या, "मी म्हनायची, कशाला जाता वो, कुनाला दावायचंय? तर म्हनायचे, हिरीला सवय झालीया."

यात एकही अवस सुटलेली नाही. त्या कोरड्या चैत्राच्या ओळीत लिहिलंय: 'पंचेचाळीस. दगडावर दगड वाजला.' शेवटची नोंद गेल्या अवसेची आहे. अक्षर थरथरलेलं आहे, पण वाचता येतं. एक्केचाळीस.

आबा, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही, हे सगळ्यांसमोर सांगते. नाना आजारी पडले, तेव्हा तुम्ही तुमच्या जीपमधून त्यांना नगरला नेलंत. दवाखान्यात दोन दिवस त्यांच्या उशाशी बसलात. त्यांचं नाव भिंतीवर घालायचं, हे तुम्ही मायेनंच म्हणालात. पण ज्या रेघेनं त्यांचा शब्द खोटा पाडला, तिच्याखाली त्यांचं नाव? ते नाव तिथं लिहिलं, की नाना कायमचे त्या रेघेला साक्षीदार होतील. आणि त्यांना आता नाही म्हणता येणार नाही.

सभेच्या आधी मी आत ग्रामपंचायतीत तुमच्याकडं हा विषय काढला. तुम्ही हात धरून म्हणालात, "ताई, आज नानांवर बोला. भिंतीवर नको." मी प्रयत्न केला, आबा. जमलं नाही.

म्हणून विनंती करते. ती भिंत पांढरी करू द्या. वर पत्र्याखाली शून्य, खाली जोत्याशी पंचेचाळीस. बाजूला आकडे, लांबून दिसतील एवढे ठळक. मधे नानांची रेघ, सगळ्या वर्षांची, ते कोरडं वर्षसुद्धा. वर महिने नसले तरी चालतील, साल असावं. रेघ झोपलेली दिसेल. दिसू दे. आणि मग तिच्याखाली नानांचं नाव. शफीकभाईंना मी विचारलंय, ते म्हणाले, करून देतो. मासे तेवढे ठेवू का, असं विचारत होते. मी म्हटलं, ते गावाला विचारा.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहुणे यायचेत. भिंतीपुढं फोटो निघणार. मी बोलायला लागल्यापासून तुम्ही तीनदा मान हलवलीत, तीनही वेळा आडवी. आणि समोर बसलेल्यांपैकीही पुष्कळांना ती उभी रेघ आवडते, हे मला दिसतंय. आवडणारच. दगड तुम्ही वाहिलेत. मी नकार गृहीत धरूनच उभी राहिले आहे. पण नाना म्हणाले होते, इचारा तर. ते मी आज विचारते. उशीर झाला, नाना. मला माफ करा.

आता आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं. भिंतीकडं नको, त्या चिंचेच्या शेंड्याकडं बघू या. विहिरीचा काठ तिथं आहे, आणि आपण सगळे तळाशी उभे आहोत, हे त्यांनी एका दुपारी मोजून दाखवलं होतं. नाना, तुम्हाला जय भीम.

आणि आबा, दोन मिनिटं झाली, की नाही म्हणायचं असेल तर इथंच, मोठ्यानं, पाराच्या कडेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणा. याच जागेवर मी एकदा गुळमुळीत बोलले होते. आज कुणीच तसं बोलू नये.

आबा, भिंत पुसू द्या.